पोच घेतलेला अर्ज

पदवीच्या वर्गात प्रवेश घेतला की हातात फीची पावती पडते. शिकवणी शुल्काच्या खाली तिच्यावर दहा-बारा बारीक रकमा असतात: ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना, ओळखपत्र, वार्षिक अंक, विद्यार्थी कल्याण, सांस्कृतिक उपक्रम, विकास निधी. एकेक रक्कम किरकोळ वाटते, म्हणून पावती घडी घालून फायलीत जाते. एकदा गुणाकार करून पाहावा. जिमखान्याचे ४०० रुपये असतील आणि पटावर २,२०० विद्यार्थी असतील, तर वर्षाला ८ लाख ८० हजार रुपये होतात. त्यातून कबड्डीची मॅट आली का, मुलींच्या संघाला स्पर्धेला जायला गाडीभाडं मिळालं का, की वर्षभर जिमखान्याला कुलूपच होतं, हे ज्याच्या नावाची पावती फाटली त्या प्रत्येकाने विचारावं. कुणी विचारत नाही, कारण हा प्रश्न कुठे विचारायचा हेच ठाऊक नसतं.

ती जागा कायद्यात आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कलम ९७ प्रमाणे प्रत्येक संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असावी लागते. बोलण्यात तिला सगळे सीडीसी म्हणतात. संस्थेचे अध्यक्ष आणि सचिव, शिक्षकांचे निवडून आलेले प्रतिनिधी, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांमधला एक जण, गावातले चार मान्यवर आणि सदस्य-सचिव म्हणून प्राचार्य असे सगळे तिथे बसतात. वर्षातून किमान चार बैठका व्हाव्या लागतात. महाविद्यालयाचं अंदाजपत्रक तिथे तयार होतं, अंदाजपत्रकात नसलेल्या नव्या खर्चाचे प्रस्ताव तिथे येतात. आणि या समितीत विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष आणि सचिव हे दोघे असतात. पाहुणे म्हणून बोलावलेले नव्हेत, सदस्य म्हणून.

विद्यार्थी निवडणुका हव्यात की नकोत हा वाद महाराष्ट्रात तीस वर्षं चालू आहे, आणि त्यात या दोन खुर्च्यांचं नाव क्वचितच निघतं. वाद मिरवणुका, पैसा आणि मारामाऱ्या यांच्यावर चालतो. निवडून आल्यानंतर त्या मुलाने किंवा मुलीने सोमवार ते शनिवार नेमकं करायचं काय, त्यासाठी वेळ कुठून आणायचा, कागद कुणाकडे मागायचे, यावर दोन्ही बाजू गप्प असतात. माझं मत असं की निवडणुका घ्याव्यात, थेट मतदानाने घ्याव्यात. पण निवडणुकीइतकीच त्या कामाची व्यवस्था लावून द्यावी. ती लावली नाही तर विरोधकांची भीती खरी ठरेल: पद उरेल, त्याचा फलक उरेल, काम कुणीच करणार नाही.

हा वाद इथवर आला कसा, ते थोडक्यात. १९८९ साली मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी कार्यकर्त्याची हत्या झाली. त्या काळात महाविद्यालयीन निवडणुकांत गुंडगिरी शिरली होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट मतदान बंद केलं. आदल्या वर्षीच्या परीक्षेत पहिला आलेला विद्यार्थी वर्गाचा सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, झाला, आणि अशा सीआरमधून जीएस, म्हणजे महाविद्यालयाचा विद्यार्थी सरचिटणीस, निवडला जाऊ लागला. २०१६ च्या कायद्यातल्या कलम ९९ ने थेट मतदानाचं दार पुन्हा उघडलं. २०१९ साली निवडणुकांचं वेळापत्रक आलं, पुढे ढकललं गेलं, मग कोविड आला. तेव्हापासून हा विषय घोषणा आणि निवेदनं यांतच फिरतो आहे.

१९९४ सालची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने आपल्या शिक्षण कायद्याच्या कलम २२ मध्ये लिहिलं की विद्यार्थी संघटनेची प्रमुख पदं सर्व सभासदांच्या गुप्त मतदानानेच भरली जावीत, आणि पगारी पद एका व्यक्तीने एकूण दोन वर्षांपेक्षा जास्त भूषवू नये. पगारी, कारण तिथे निवडून आलेला पदाधिकारी वर्षभर अभ्यास बाजूला ठेवून पूर्णवेळ हेच काम करतो. आपल्याकडून एमएस्सीला तिकडे गेलेल्या मराठी मुलांना पहिल्याच आठवड्यात हे पदाधिकारी भेटतात. घरभाड्याच्या करारापासून परीक्षेच्या अपिलापर्यंत कुठे जायचं ते सांगतात. ज्या वर्षी तिकडे या कामाला कायद्याने नियम घालून दिले, त्याच वर्षी आपण ते गुणपत्रिकेला बांधून टाकलं.

गुणांवर नेमणूक करणं वाईट का, तर पहिला येणं हे बक्षीस आहे आणि प्रतिनिधित्व ही जबाबदारी आहे. पहिल्या आलेल्या मुलीला वर्गाने काही सांगून पाठवलेलं नसतं. तिने काही केलं नाही तर वर्ग तिला जाबही विचारू शकत नाही. तिचीही पंचाईत होते: न मागितलेलं पद गळ्यात पडतं आणि शिक्षकांशी वाकडं घेतलं तर तिच्याच क्रमांकावर येतं. हा विचार अजून सुटलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या तक्रार निवारण नियमांतही प्रत्येक संस्थेच्या समितीवर जो विद्यार्थी प्रतिनिधी घ्यायचा, तो गुण, खेळ किंवा इतर उपक्रमांतल्या कामगिरीवर नेमायचा आहे, आणि तोही विशेष निमंत्रित म्हणून. उलट आयोगाच्याच २०१५ च्या नियमांप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीवर, प्रकरणात विद्यार्थी गुंतलेले असतील तेव्हा, पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन अशा तीन स्तरांवरचे तीन विद्यार्थी ‘पारदर्शक लोकशाही पद्धतीने निवडून’ घ्यावे लागतात. जिथे वर्षानुवर्षं मतपेटीच आलेली नाही, तिथे हे तिघे निवडून आणायचे कुठून? मग प्राचार्य तीन नावं लिहून टाकतात. ज्या मुलीला तक्रार करायची आहे तिच्या दृष्टीने ती नावं कार्यालयाची असतात, आपली नव्हेत.

आता कामाकडे येतो, कारण खरा मुद्दा तिथेच आहे.

तालुक्याच्या गावातलं महाविद्यालय घ्या. विज्ञान शाखेची दुपारची प्रॅक्टिकलची बॅच ५ वाजून २० मिनिटांनी सुटते आणि एका बाजूच्या गावांकडे जाणारी शेवटची एसटी ५ वाजता स्टँडवरून निघते. त्या गावांतल्या मुली साडेचारलाच प्रयोग अर्धवट टाकून निघतात. जर्नलवर सही राहते, वर्षाअखेर अंतर्गत गुण कापले जातात, आणि कारण म्हणून ‘अनियमितता’ लिहिलं जातं. अशा वेळी पन्नास पोरं घेऊन आगारावर घोषणा द्यायला जाणं सोपं असतं. आगार व्यवस्थापक शांतपणे ऐकून घेतात, ‘वरून आदेश येऊ द्या’ म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी गाडी पाचलाच सुटते.

काम जाणणारा प्रतिनिधी आधी मोजणी करतो. त्या मार्गावरच्या कुठल्या गावाचे किती पासधारक आहेत, त्यातले प्रॅक्टिकलचे किती, कुठल्या वारी. विद्यार्थ्यांना एसटीच्या पासात ६६.६७ टक्के सवलत असते, म्हणजे भाड्याचा एक तृतीयांश विद्यार्थी भरतो. कमी भरत असला तरी तो महिनाभराचा हक्काचा प्रवासी असतो, आणि आगाराला हा आकडा कळतो. मग ती गाडी मुक्कामी आहे की परतीची, हे विचारायचं. मुक्कामी असेल तर चाळीस मिनिटं उशिरा सुटल्याने फारसं बिघडत नाही, चालक-वाहक रात्री त्याच गावात राहतात. परतीची असेल तर त्यांच्या ड्यूटीचे तास वाढतात आणि नकार बहुधा त्यासाठीच असतो. तेव्हा मागणी ‘गाडी उशिरा सोडा’ अशी न करता दुसऱ्या फेरीशी अदलाबदल सुचवावी लागते. अर्ज आगार व्यवस्थापकांच्या नावे, प्रत विभाग नियंत्रकांना, सोबत प्राचार्यांचं पत्र आणि जमल्यास दोन-तीन ग्रामपंचायतींचे ठराव. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा, हीच पोच. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र द्यायचं, त्यात तोच आवक क्रमांक लिहायचा.

आणि अर्ज दिला त्याच दिवशी विभागप्रमुखांना भेटून विचारायचं, की या मार्गावरच्या मुलींना सकाळच्या बॅचला घेता येईल का? त्याला एसटीची परवानगी लागत नाही, एका सहीत होतं. बऱ्याचदा अर्धा प्रश्न महाविद्यालयाच्या आतच सुटतो आणि तो बाहेर नेण्यातच आपण महिना घालवतो.

पोच घेण्यावर मी इतका भर का देतो, ते कार्यालयात वावरलेल्याला सांगावं लागणार नाही. पोच नसलेला अर्ज कार्यालयाच्या लेखी दिलेलाच नसतो. ‘सरांना सांगितलंय’, ‘ग्रुपवर टाकलंय’, ‘मॅडम बघते म्हणाल्या’ यांतल्या कशालाही तारीख नसते, आणि तारीख नसली की मुदत मोजता येत नाही. २०२३ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समितीने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा आहे, आणि निर्णय पटला नाही तर मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालाकडे अपील करता येतं. हे दिवस मोजायचे कुठून? आवक शिक्क्यावरच्या तारखेपासून. व्हॉट्सॲपच्या स्क्रीनशॉटवर शिक्का बसत नाही.

शिष्यवृत्तीचं टेबल हे प्रतिनिधीच्या वर्षातलं सगळ्यात मोठं काम, आणि सगळ्यात उपेक्षित. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर फॉर्म भरला म्हणजे शिष्यवृत्ती मिळाली असं पहिल्या वर्षाच्या मुलांना वाटतं. अर्ज आधी महाविद्यालयातल्या लिपिकाच्या लॉगिनला जातो, मग प्राचार्यांच्या, मग अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात, आणि शेवटी पैसे आधारशी जोडलेल्या खात्यावर. यांतल्या कुठल्याही पायरीवर तो अडकू शकतो आणि प्रत्येक पायरीचा उपाय वेगळा. उत्पन्नाचा दाखला मुदतबाह्य असेल किंवा दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसेल, तर अर्ज विद्यार्थ्याकडेच ‘सेंट बॅक’ होतो. विद्यार्थी पुन्हा पोर्टल उघडूनच पाहत नाही, आणि दुरुस्तीची मुदत निघून जाते. सगळं मंजूर होऊनही पैसे दिसत नाहीत तेव्हा बहुतेक वेळा आधार दुसऱ्याच बँकेत जोडलेलं असतं: मध्ये कुठेतरी शून्य शिलकीचं खातं उघडलेलं, पैसे तिथे जाऊन पडलेले, आणि त्या खात्याचं पासबुकही हातात नाही.

इथे प्रतिनिधीने एक वही करावी. स्तंभ पाचच: नाव, वर्ग, अर्ज क्रमांक, सध्या कुठल्या पायरीवर, कुठल्या तारखेपासून. वर्गावर्गांत फिरून ती भरायला चार दिवस लागतात. मग लिपिकाकडे एकेकट्याने शंभर जणांनी जाण्याऐवजी एकच यादी जाते: इतके तुमच्या लॉगिनला, इतके प्राचार्यांच्या, इतक्यांचं आधार आम्हीच बँकेतून दुरुस्त करून आणतो. शिष्यवृत्ती, पात्रता आणि परीक्षेचे फॉर्म हे सगळं एकाच माणसाच्या टेबलावर असल्याचं अनेक महाविद्यालयांत दिसतं. त्या माणसाशी भांडण करून काहीच हाती लागत नाही, त्याचं निम्मं काम हलकं केलं तर दोन दिवसांत लॉगिन उघडतं. प्राचार्यांच्या लॉगिनला यादी महिनाभर पडून असेल तर मात्र लेखी पत्र, आणि पुढच्या सीडीसीचा विषय.

प्रतिनिधीला शासन निर्णय वाचता यायला हवा, हेही इथेच येतं. ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिकणाऱ्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. घोषणा सगळ्यांनी ऐकली. त्यात कुठले अभ्यासक्रम बसतात, प्रवेश कुठल्या फेरीतला हवा, कुठलं शुल्क माफ आणि कुठलं नाही, हे निर्णयाच्या मजकुरात आहे. प्रवेशाच्या खिडकीशी ‘आधी भरा, नंतर परत मिळतील’ असं उत्तर आलं, तर तो कागद खिशात असलेल्या प्रतिनिधीला वेगळं उत्तर मिळतं.

सीडीसीच्या बैठकीचंही एक शास्त्र आहे, आणि ते कुणी शिकवत नाही. एकोणीस वर्षांची मुलगी पहिल्यांदा त्या खोलीत जाते तेव्हा समोर संस्थेचे अध्यक्ष, तिला शिकवणारे दोन प्राध्यापक आणि प्राचार्य बसलेले असतात. चहा येतो, विषय भराभर वाचले जातात, ‘सर्वानुमते मंजूर’ होतात, आणि शेवटी कुणीतरी कौतुकाने विचारतं, ‘काय बेटा, तुमचं काही?’ त्या क्षणी तोंडी सांगितलेल्या कुठल्याही अडचणीची नोंद होत नाही. विषय आधी द्यावा लागतो, लेखी, प्राचार्यांच्या नावे, विषयपत्रिका निघण्यापूर्वी. ‘मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरवस्था’ असा मोघम विषय देऊ नये. ‘दुसऱ्या मजल्यावरील मुलींच्या स्वच्छतागृहात सहापैकी चार नळ बंद असणे व पॅड टाकण्यासाठी झाकणाची पेटी नसणे, दुरुस्तीसाठी खर्चास मान्यता देणे’ असा द्यावा, सोबत प्लंबरकडून घेतलेलं दरपत्रक जोडावं. शेवटचे शब्द महत्त्वाचे: मान्यता देणे. समितीला निर्णय घेता येईल असं काहीतरी समोर हवं, गाऱ्हाणं समोर ठेवलं तर सहानुभूती मिळते आणि बैठक संपते.

दुसरी जागा इतिवृत्ताची, म्हणजे बैठकीत काय ठरलं याच्या लेखी नोंदीची. ते लिहिण्याची जबाबदारी सदस्य-सचिव असलेल्या प्राचार्यांकडे असते. पुढच्या बैठकीचा पहिला विषय कायम एकच असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. सगळे माना डोलावतात. प्रतिनिधीने मागच्या बैठकीत स्वतःच्या वहीत टिपलेलं घेऊन तिथेच बोलायचं: नळांच्या दुरुस्तीला ३१ तारखेपर्यंत मान्यता दिली होती, इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ एवढंच आहे, दुरुस्ती करावी. हे बोलायला धीर लागतो. एकदा इतिवृत्त कायम झालं की ‘चर्चा झाली’ हेच सत्य होतं.

विषय मांडायला आकडे लागतात आणि आकडे मागून मिळाले नाहीत, तर अनुदानित महाविद्यालयाला माहितीचा अधिकार लागू आहे. १० रुपयांचं शुल्क, ३० दिवसांची मुदत. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा, तेव्हा जिमखाना निधीचा अर्ज वेगळा आणि वार्षिक अंकाचा वेगळा. दोन्ही एकत्र केले तर अर्ज परत यायला कारण मिळतं. तरीही प्रतिनिधीने पहिलं हत्यार म्हणून हे वापरू नये असं मला वाटतं. ज्या समितीचे आपण सदस्य आहोत तिचे कागद सदस्य म्हणूनच मागावेत. ते नाकारले गेले तर नकार लेखी घ्यावा, आणि मगच माहितीच्या अधिकाराकडे वळावं.

एक काम प्रतिनिधीने करायचं नसतं, तेही स्पष्ट सांगायला हवं. छळाची तक्रार घेऊन एखादी मुलगी आली, तर चौकशी आपण करायची नाही, समोरच्या मुलाला बोलावून ‘समेट’ घडवायचा नाही, ग्रुपवर एक अक्षर टाकायचं नाही. तिला अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करायला मदत करायची, घटनेपासून तीन महिन्यांची मुदत सांगायची, तिला हवं असेल तर दारापर्यंत सोबत जायचं. चांगल्या हेतूने केलेल्या मध्यस्थीने अशी प्रकरणं कायमची बिघडतात: नावं फुटतात, साक्षीदार गप्प होतात, मुदत संपते.

आता या सगळ्याला वेळ किती? लिंगडोह समितीच्या शिफारशींप्रमाणे निवडणूक सत्र सुरू झाल्यापासून ६ ते ८ आठवड्यांत व्हावी. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीने मे २००६ मध्ये अहवाल दिला आणि सप्टेंबर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो देशभर लागू केला. म्हणजे आपल्याकडे निवडून यायला ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबर उजाडणार. ऑक्टोबर-नोव्हेंबर सत्र परीक्षेत आणि दिवाळीत जातो. डिसेंबर-जानेवारी गॅदरिंग आणि युवा महोत्सव. फेब्रुवारीत प्रॅक्टिकल परीक्षा सुरू होतात, मार्चमध्ये लेखी. सुट्ट्या वजा केल्या तर कामाचे जेमतेम नव्वद दिवस हाती राहतात. त्यातच प्रतिनिधीची स्वतःची हजेरी ७५ टक्के हवी, नाहीतर लिंगडोह नियमांत उमेदवारीलाच तो अपात्र. विद्यापीठातली एक बैठक म्हणजे जिल्ह्याच्या टोकाच्या महाविद्यालयातल्या मुलाचा पूर्ण दिवस आणि पदरचे एसटीचे पैसे.

खेळाडूला स्पर्धेच्या दिवसांची हजेरी मिळते. एनएसएस आणि एनसीसीच्या मुलांनाही मिळते. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात सहअभ्यासक्रम म्हणून एनएसएस, एनसीसी, क्रीडा आणि सांस्कृतिक उपक्रम यांना श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, आहेत. प्रतिनिधीच्या कामाला श्रेयांक का नसावेत? अंदाजपत्रक वाचणं, अर्ज लिहिणं, शंभर जणांची नोंद ठेवणं, बैठकीत विषय मांडणं यांत शिबिरातल्या श्रमदानाइतकं शिकण्यासारखं नक्कीच आहे. सीडीसी आणि विद्यापीठाच्या बैठकांच्या दिवसांची हजेरी, प्रवासखर्च आणि वर्षाचे दोन श्रेयांक एवढं मिळालं, तर घरून शिकवणीचे आणि पेट्रोलचे पैसे मिळणाऱ्या मुलांखेरीज इतरांनाही उभं राहता येईल. विद्यापीठ विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षाला तर विद्यावेतन देऊन एक वर्ष पूर्णवेळ काम करू द्यावं, असं मी म्हणेन. शेकडो महाविद्यालयं संलग्न असलेल्या विद्यापीठात हे काम लेक्चरच्या मधल्या वेळात होत नाही.

दुसरा प्रश्न भीतीचा. अंतर्गत गुण शिक्षकाच्या हातात असतात, आणि प्रतिनिधीचं काम म्हणजे कधीतरी त्याच शिक्षकाविरुद्ध वर्गाचं म्हणणं पोहोचवणं. बहुसंख्य शिक्षक सूड घेत नाहीत. पण एकाने घेतला तरी पुढच्या पाच वर्षांत त्या विभागातून कुणी उभं राहत नाही. यावर उपाय साधा आहे: निवडून आलेल्या प्रतिनिधींचं अंतर्गत मूल्यमापन, त्यांनी मागणी केल्यास, विभागातल्या दुसऱ्या शिक्षकाने तपासावं. खर्च शून्य. तसंच वर्गाच्या तक्रारीवर सगळ्यांच्या सह्या मागण्याची प्रथा बंद व्हावी. प्रतिनिधीने ‘वर्गातील ७२ पैकी ५८ विद्यार्थ्यांच्या वतीने’ असं लिहून स्वतःची एक सही करावी. निवडून दिलेल्या माणसाच्या सहीला तेवढं वजन नसेल तर निवडून द्यायचं कशाला?

लिंगडोह नियमांतल्या काही गोष्टी मला पटतात: प्रचारात छापील फलक नकोत, हाताने केलेले चालतील, उमेदवाराने दोन आठवड्यांत खर्चाचा हिशेब द्यावा, राजकीय पक्षाचा पैसा नको. ५,००० रुपयांची मर्यादा २००६ सालच्या भावाची आहे, पण एका महाविद्यालयापुरती आजही पुरावी. दोन नियम मात्र चुकीचे आहेत असं माझं स्पष्ट मत आहे. एक, विषय राहिलेल्या विद्यार्थ्याला उमेदवारीच नाही. एटीकेटी लागलेल्या, निकाल राखीव राहिलेल्या, पुनर्मूल्यांकनाच्या रांगेत अडकलेल्या मुलांचे प्रश्न ज्यांना आतून कळतात, नेमके तेच यातून बाहेर राहतात. दोन, पदाधिकारी होण्याची संधी आयुष्यात एकदाच. काम समजायला चार महिने लागतात आणि समजलं की पद जातं. ब्रिटनच्या कायद्यातली एकूण दोन वर्षांची मर्यादा यापेक्षा शहाणी आहे.

पक्ष घुसतील, हा आक्षेप खरा आहे आणि त्याला ‘नाही घुसणार’ असं उत्तर देणं अप्रामाणिक ठरेल. घुसतील. पण ते बाहेर आहेत हा समजही खरा नाही. विद्यापीठाच्या अधिसभेत, म्हणजे सिनेटवर, नोंदणीकृत पदवीधरांमधून १० सदस्य निवडून जातात. मुंबई विद्यापीठात सप्टेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ही निवडणूक झाली, आणि पक्षांशी जोडलेल्या संघटना ती उघडपणे लढल्या. पदवी घेऊन बाहेर पडलेला मतदान करतो आणि पक्षाच्या पॅनेलला करतो. आज वर्गात बसलेला, फी भरणारा, निकालाची वाट पाहणारा तेवढा मतदानापासून दूर ठेवला जातो. राजकारण विद्यापीठात आहेच, त्यात विद्यार्थी नाहीत.

हिंसेबद्दलही एक निरीक्षण. जीएसपदासाठी डोकी फुटत होती तेव्हा त्या पदाकडे होतं काय? गॅदरिंग, त्याचा खर्च, पाहुणा कोण बोलवायचा, फलकावर फोटो कुणाचा. हिशेब न मागितला जाणारा पैसा आणि काम न मागितलं जाणारं पद यांच्याभोवती टोळ्या जमतात, मग ती नगरपालिका असो की महाविद्यालय. गॅदरिंगचा खर्च उघडा ठेवला तर यातलं बरंच आकर्षण उडून जातं. मांडववाला, ध्वनियंत्रणा, जेवण यांची प्रत्येकी तीन दरपत्रकं, अग्रिम रक्कम प्रभारी शिक्षकाच्या नावे, ५,००० रुपयांवरच्या रोख पावतीला महसुली तिकीट, आणि कार्यक्रमानंतर पंधरा दिवसांत सगळा हिशेब सूचनाफलकावर. हे न झाल्यामुळे काय होतं? जीएसने मित्रांकडून घेऊन भरलेले पैसे परत मिळत नाहीत, कारण पक्की बिलं नसतात, आणि अग्रिमाचं समायोजन न झाल्यामुळे पुढच्या वर्षीच्या परिषदेला रक्कमच सुटत नाही. एका वर्षाचा गोंधळ पुढच्या मुलांच्या माथी येतो.

म्हणून हस्तांतर कायद्याने सक्तीचं व्हायला हवं. आज परिषदेची मुदत सत्राबरोबर संपते, वही पदाधिकाऱ्याच्या घरी जाते आणि सप्टेंबरमध्ये नवा माणूस पहिल्या पानापासून सुरू करतो. जुन्या आणि नव्या परिषदेने दोन आठवडे एकत्र बसावं, आणि फाइल विद्यार्थी विकास कक्षात राहावी. त्या फायलीत भाषणं आणि फोटो नकोत. सीडीसीच्या चारही बैठकांची इतिवृत्तं, गॅदरिंगचा हिशेब, शिष्यवृत्तीची वही, आणि सगळ्यात वर एक पान: अजून उत्तर न आलेले अर्ज, कुणाकडे दिले, कुठल्या तारखेला, आवक क्रमांक काय, शेवटचं स्मरणपत्र कधी. नव्या प्रतिनिधीने पहिल्या सोमवारी ते पान घेऊन कार्यालयाच्या खिडकीशी जावं.